आबांची शिफ्ट

सोमवारी सकाळी एचआरचा मेल आला : ‘बुधवारी दुपारी ३ ते ४ आबा आपल्या मजल्यावर येत आहेत. सर्वांनी लाभ घ्यावा.’ सोबत फोटो जोडला होता, पण आमच्याकडे मेलमधले फोटो सुरक्षेच्या कारणास्तव उघडत नाहीत, त्यांच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. त्यामुळे आबा कोण, यावर दोन दिवस अंदाज चालले. ‘सर्वांनी लाभ घ्यावा’ ही भाषा नेत्रतपासणी शिबिराची किंवा हरिनाम सप्ताहाची. त्यावरून टेस्टिंगवाल्यांनी आबांना कीर्तनकार ठरवून टाकलं. डेटाबेसच्या कोपऱ्यातून बातमी आली की निवृत्त पोलीस अधिकारी आहेत, ताणतणावावर बोलतात आणि बोलता बोलता रडतात. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, ‘कुणी का असेनात, तेवढा तासभर मीटिंग नाही ना?’

आबा लॅब्रॅडॉर निघाले.

ही वेळ का आली तेही सांगायला हवं. तुरुंगात रिलीज झाला की माणूस घरी जातो. हिंजवडीत रिलीज आली की घरी जाणं बंद होतं. आमची रिलीज सहा आठवडे चालली होती. लोक दुपारचा डबा रात्री उघडत होते. पार्किंगच्या दुसऱ्या तळघरात एक सीनियर डेव्हलपर गाडीत बसून रडताना सिक्युरिटीला सापडला. सिक्युरिटीने काच खाली करायला लावली आणि विचारलं, ‘सर, गाडीला स्टिकर नाही का?’ ही गोष्ट वरपर्यंत पोहोचली आणि एचआरने ‘वेलनेस वीक’ जाहीर केला. सोमवारी झुंबा झाला. मंगळवारी रंगवायला मंडलं वाटली, तेव्हा एकाने खडू हातात घेता घेता डेडलाइन विचारली. रिसेप्शनवर ‘कृतज्ञतेची बरणी’ ठेवली होती. ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं ते चिठ्ठीवर लिहून आत टाकायचं. शेवटी बरणी उघडली तेव्हा अकरा चिठ्ठ्या निघाल्या. त्यांतल्या सात कँटीनच्या गुरुवारच्या साबुदाणा खिचडीबद्दल होत्या आणि एकीवर एवढंच लिहिलं होतं : ‘एसी चालू करा.’

आबांची पहिली अडचण खाली फाटकावरच झाली. आमच्याकडे कार्ड दाखवल्यावर फिरणाऱ्या दांड्या आहेत आणि वर पाटी आहे : ‘टेलगेटिंग सक्त मनाई’. म्हणजे एकाच्या कार्डावर दुसऱ्याने मागोमाग आत शिरायचं नाही. त्या पाटीखाली आबा शेपूट हलवत उभे. गार्ड नांदेडकडचा, नियमाला पक्का. आबांना घेऊन आलेल्या बाईंना (सगळा मजला पाचव्या मिनिटाला त्यांना काकू म्हणायला लागला) त्याने विचारलं, ‘यांचं कार्ड?’

‘त्यांना कशाला कार्ड?’

‘मॅडम, आत जाणारा प्रत्येक जण सिस्टिममध्ये पाहिजे.’

शेवटी व्हिजिटर पास निघाला. नाव : आबा. कंपनी : लागू नाही. कोणाला भेटायचे : सर्व. सोबत लॅपटॉप, पेन ड्राइव्ह : नाही. छोट्या कॅमेऱ्यासमोर आबांचा फोटो काढला. इतका शांत चेहरा आमच्यापैकी एकाच्याही ओळखपत्रावर नाही.

काकू निवृत्त शिक्षिका. त्यांच्या सासऱ्यांना घरात आबा म्हणत. ते गेले त्याच महिन्यात हे पिल्लू घरी आलं आणि जेवण झालं की सासऱ्यांसारखंच भिंतीकडे तोंड करून झोपायला लागलं, म्हणून नाव तेच राहिलं आणि अहोजाहोही. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी आबांची सतरंजी, नॅपकिन आणि स्टीलचा एक वाडगा काढला. वाडग्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत कोरलेलं होतं : ‘चि. आबा, प्रथम वाढदिवस, १२-५-१७.’ घरातलं भांडं बाहेर जायचं तर त्यावर नाव हवंच, हा पुणेरी रिवाज कुत्र्यालाही लागू होता.

मग कॉन्फरन्स रूमच्या दारात उभं राहून काकूंनी परीक्षेआधी सूचना वाचाव्यात तसे नियम सांगितले.

‘आबा एका दिवशी एकच तास काम करतात. वीस मिनिटं झाली की दहा मिनिटं विश्रांती आणि पाणी. विश्रांतीत कुणी हाक मारायची नाही. आज काम केलं की उद्या सुट्टी. एका वेळी दोघांनीच जवळ जायचं. गळ्यात पडायचं नाही, त्यांना कोंडल्यासारखं होतं. झोपले तर उठवायचं नाही. जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली, तर समजायचं की त्यांना ताण आलाय. थांबायचं. का, कशामुळे, विचारत बसायचं नाही.’

खोलीत सामसूम झाली. मागून कुणीतरी अगदी हळू विचारलं, ‘काकू, यांच्याकडे व्हेकन्सी आहे का?’

हे नियम काकूंच्या मनचे नव्हते. धीर देण्याच्या कामावर कुत्रे नेणारे लोक जगात सगळीकडे कुत्र्याच्या याच खुणा बघत असतात. आमच्या टीम लीडने नंतर खासगीत कबूल केलं, की सकाळच्या स्टँड-अप मीटिंगला अकराच्या अकरा जण रोज जांभया देतात, ओठ चाटतात आणि मान फिरवतात. इतके दिवस तो त्याला ‘एंगेजमेंट कमी पडतंय’ असं म्हणत होता.

जांभईचा उपयोग जगात एकाच माणसाने नीट केला, तो म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. त्याच्याकडे जोफी नावाची चाऊ जातीची कुत्री होती. रुग्ण कोचावर आडवे होऊन मन मोकळं करत, तेव्हा ती खोलीत पडून असायची. वेळ संपली की उठायची आणि जांभई द्यायची. फ्रॉइडला घड्याळाकडे बघावं लागत नसे, असं त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय. आमच्या शुक्रवारच्या स्टेटस कॉलमध्ये अशी एक जोफी असती तर आम्ही सगळे आज वेगळी माणसं असतो.

पुढे न्यूयॉर्कच्या बोरिस लेव्हिन्सन या बालमानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत असं झालं, की एक अबोल मुलगा ठरल्या वेळेआधीच दवाखान्यात येऊन थडकला आणि डॉक्टरांचा कुत्रा, नाव जिंगल्स, अजून खोलीतच होता. आधीच्या उपचारांनी जे जमलं नव्हतं ते जिंगल्सने अंगाशी लगट करून जमवलं. लेव्हिन्सनने १९६२ साली त्यावर लेख लिहिला, कुत्र्याला सह-उपचारक म्हटलं. विद्वान सहकारी हसले. फीमधले किती टक्के कुत्र्याला देता, असं एकाने विचारलं म्हणतात. मला हा प्रश्न थट्टेचा वाटत नाही. आमच्या फायनान्सने पहिल्यांदा तोच विचारला असता.

ही माहिती माझ्याकडे कुठून आली? बुधवार संध्याकाळपर्यंत मजल्यावरचा प्रत्येक जण कामाच्या वेळेत या विषयातला तज्ज्ञ झाला होता, तसाच मीही. तेव्हाच कळलं की यात तीन जाती आहेत आणि अमेरिकेत त्यांची सरमिसळ झाली की कोर्टापर्यंत जाते. अंधाला रस्ता पार करून देणारा, शिकवून तयार केलेला तो सेवेचा प्राणी. काकूंच्या आबांसारखा, मालकाबरोबर जाऊन परक्यांना धीर देणारा तो थेरपीचा. आणि मालकाच्या स्वतःच्याच मनाला आधार देणारा तो इमोशनल सपोर्टवाला. याला शिक्षण लागत नाही, डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठी असली की तिकडच्या विमान कंपन्यांना तो प्राणी फुकट केबिनमध्ये घ्यावा लागे. चिठ्ठी म्हटल्यावर पुढे काय होणार हे आपल्याकडे मेडिकल सर्टिफिकेटवर लग्नाला गेलेल्या माणसाला सांगायला नको. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्कच्या विमानतळावर एक बाई डेक्स्टर नावाचा मोर घेऊन आल्या. अख्खा मोर, पिसाऱ्यासकट. युनायटेड एअरलाइन्सने नाही म्हटलं. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियमच बदलला : सेवेचा प्राणी म्हणजे फक्त शिकवलेला कुत्रा, बाकीच्यांना कंपन्या साधे पाळीव प्राणी धरू शकतात. मोराचं मला एकच कळत नाही. ज्या पक्ष्याच्या ओरडण्याने आमच्या मोराच्या चिंचोलीत माणूस पहाटे साडेचारला अंथरुणात उठून बसतो, त्याच्यापासून आधार घ्यायला काळीज किती घट्ट हवं!

थेरपीच्या जातीत मात्र कुत्र्यांचीच मक्तेदारी नाही. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर २०१३ पासून धीर देणाऱ्या प्राण्यांची एक तुकडी फिरते, तिच्यात २०१६ साली लिलू नावाची डुकरीण भरती झाली. तिची नखं रंगवलेली असायची.

आमच्या मजल्यावर परत येतो. माणसं १८०. आबांचा तास एक, त्यातून विश्रांती वजा जाता मिनिटं ४०. एका वेळी दोघं. आमच्या स्क्रम मास्टरने दोन मिनिटांत एक्सेल केली आणि जाहीर केलं की प्रत्येक जोडीला २६ सेकंद येतात. मग मजल्यावरच्या एका पंढरपूरकराने तोडगा काढला. रांगा दोन करायच्या : एक पदस्पर्शाची, एक मुखदर्शनाची. ज्यांना नुसतं बघून फोटो काढायचा आहे त्यांनी काचेबाहेरून मुखदर्शन घेऊन कामाला लागावं. हे इतकं सुरळीत चाललं की चौथ्या मजल्यावरचे लोक येऊन मुखदर्शन घेऊन गेले.

गंमत म्हणजे नेमका हाच प्रयोग वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत झालेला आहे. २०१९ साली छापून आलेल्या त्या प्रयोगात त्यांनी २४९ विद्यार्थी घेतले. काहींना दहा मिनिटं कुत्र्यामांजरांना कुरवाळू दिलं, काहींना रांगेत उभं करून दुसरे कुरवाळतायत ते बघायला लावलं, काहींना प्राण्यांची चित्रं दाखवली. लाळेतलं ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसॉल, खाली आलं ते हात लावणाऱ्यांचं. मुखदर्शनवाल्यांना तेवढं पुण्य लागलं नाही. आणि हात लावायला त्यांना दहा मिनिटं दिली होती. २६ सेकंदांवर कुणी प्रयोग केल्याचं मला आढळलं नाही. माझ्यापुरतं सांगतो : पहिली दहा सेकंद हात कुठे ठेवायचा यात गेली, दुसरी दहा शेजारचा आपल्यापेक्षा जास्त जागा घेतोय या रागात गेली आणि शेवटच्या सहा सेकंदांत आबांच्या कानामागचा मऊ भाग बोटांना सापडला. तेवढ्यात स्क्रम मास्टर म्हणाला, ‘नेक्स्ट.’

मधल्या विश्रांतीनंतर आबांना मजल्यावर फिरवायचं ठरलं. तिथे भाषेचा घोळ झाला. आमचे डिलिव्हरी हेड मूळचे कानपूरचे, पुण्यात बारा वर्षं, मराठी ‘चला’च्या पुढे गेलेलं नाही. ते वाकून म्हणाले, ‘सिट, आबा. सिट.’ आबांनी त्यांच्याकडे सरकारी कार्यालयातल्या खिडकीतून बघावं तसं बघितलं. काकू म्हणाल्या, ‘त्यांना मराठीच येतं. बस म्हणा.’ हेड म्हणाले, ‘बस.’ आबा बसले. इथपर्यंत ठीक होतं. पण आमचा मजला हिंदीत बोलतो, आणि हिंदीत ‘बस’शिवाय वाक्य संपत नाही. नोएडाच्या टीमशी कॉल चालू होता : ‘बस दो मिनट, सर.’ आबा बसले. काकूंनी उठवलं. पुढच्या टेबलावर, ‘बस हो ही गया.’ आबा बसले. ‘नहीं नहीं, बस टेस्टिंग बाकी है.’ बसले. पेमेंटवाल्यांच्या गल्लीतून लिफ्टपर्यंतच्या चाळीस पावलांत आबा सात वेळा बसले आणि सात वेळा उठले. आमच्या प्रोजेक्टची गेल्या वर्षभराची प्रगती इतकी स्पष्ट करून कुणी दाखवली नव्हती.

प्रॉडक्शन सपोर्टच्या खोलीपाशी मात्र ते स्वतःहून थांबले. आत चार जण बसतात. तिथे रात्र आणि दिवस वेगळे नसतात, पडदे कायम ओढलेले. आबांनी उंबऱ्यावरून एकदा आतली हवा हुंगली, ओठ चाटले आणि मागे वळले. काकूंनी काही न बोलता दार ओढून घेतलं.

ताणाला वास असतो. हे मी कवितेत बोलत नाही. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीने २०२२ साली हे तपासलं. ३६ माणसांना ९००० पासून सतरा-सतरा वजा करत मोठ्याने उलटं मोजायला लावलं, आधीचा आणि नंतरचा घाम आणि श्वास टिपून घेतला आणि चार कुत्र्यांपुढे ठेवला. ताण आलेला नमुना कुत्र्यांनी शंभरातल्या जवळजवळ ९४ वेळा बरोबर ओळखला. (परक्यांसमोर आकडे मोठ्याने वजा करत जाणं याला आमच्याकडे एस्टिमेशन म्हणतात आणि ते दर सोमवारी असतं.) स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठाचं २०१९ चं काम तर त्याहून खाली बसवणारं आहे. ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतून अनेक महिन्यांचं कॉर्टिसॉल मोजलं. मालकिणीचं चढतं, तर कुत्र्याचंही चढतं. म्हणजे जो आपला ताण घालवायला आणला, तो आपला ताण अंगावर घेऊन घरी जातो. काकूंच्या ‘उद्या सुट्टी’चा अर्थ मला हे वाचल्यावर लागला.

सपोर्टच्या खोलीवरून वळलेले आबा मजल्याच्या पार टोकाला गेले, जिथे प्रिंटर आहे आणि सहसा कुणी फिरकत नाही. तिथे एक मुलगा बसतो. अतिशय गुणी. त्याच्या समोर कायम चार खिडक्या उघड्या, कानाला हेडफोन, कपाळाला आठी. आबा सरळ जाऊन त्याच्या पायांवर हनुवटी ठेवून आडवे झाले आणि गाढ झोपले. मजला कौतुकाने बघत होता. मुलगा मात्र पांढरा पडला. त्याला कळलं होतं की डिलिव्हरी हेडना आता कळलंय. साडेतीन महिने तो बेंचवर होता. बेंच म्हणजे ज्याला पगार आहे आणि प्रोजेक्ट नाही. हे त्याने रिसोर्स मॅनेजमेंटपासून, दोन मॅनेजरांपासून आणि एका ऑडिटपासून लपवलं होतं. इमारतीतला एकमेव बिनताणाचा माणूस हुंगून काढायला आबांना सहा मिनिटं पुरली.

खरं तर त्या मुलाने घाबरायचं कारण नव्हतं. लंडनला १०, डाउनिंग स्ट्रीटवर लॅरी नावाचा बोका आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये बॅटरसीच्या प्राणीगृहातून उंदीर मारायला म्हणून नेमलेला. त्याने कॅमेरून बघितले, थेरेसा मे बघितल्या, जॉन्सन, ट्रस, सुनक आणि स्टार्मर बघितले. पंतप्रधान सामान आवरून जातात तेव्हा लॅरी पायरीवर बसून अंग चाटत असतो. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर त्याच्या कामाचं वर्णन आहे. त्यात पाहुण्यांचं स्वागत आहे, जुन्या फर्निचरवर झोप कशी लागते याची चाचणी आहे, आणि उंदरांच्या प्रश्नावरचा उपाय अद्याप नियोजनाच्या अवस्थेत असल्याचंही नमूद आहे. इतक्या वर्षांत नियोजनाच्या पुढे न गेलेला आणि तरीही न गुंडाळलेला प्रोजेक्ट मला दुसरा ठाऊक नाही. आमचा एक आहे, पण तो सांगता येत नाही.

जपानमध्ये याच्या उलट. तिथे मांजरालाही काम करावं लागतं. वाकायामाकडे किशी नावाचं आडवळणाचं स्टेशन आहे, तोट्यातल्या मार्गावरचं. २००७ साली रेल्वे कंपनीने तामा नावाच्या भाटीला तिथली स्टेशनमास्तर नेमलं, डोक्यावर टोपी दिली, पगार मांजराच्या खाण्याच्या रूपात. तिला बघायला लोक गाडीने यायला लागले. पुढच्या वर्षी तिला बढती मिळाली, मग आणखी बढत्या, आणि २०१५ साली ती गेली तेव्हा वारस नेमण्याची पद्धतही बसलेली होती. आता निदान आमच्या अप्रेझलच्या वेळी तरी कुणी म्हणू नये की एका वर्षात बढती व्यवहार्य नाही.

आपल्याकडे मुंबईत टाटांच्या बॉम्बे हाउसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांचा मुक्काम जुनाच. २०१८ साली इमारतीचं नूतनीकरण झालं तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी खोली राखली. रतन टाटांच्या लाडक्या कुत्र्याचं नाव ‘गोवा’, कारण पिल्लू असताना तो तिथून एका सहकाऱ्याच्या गाडीत बसून आलेला. गोव्याहून परतणाऱ्या गाडीत लोक काय काय घालून आणतात त्या मानाने हे फारच सात्त्विक.

सगळ्यांनाच आबा हवे होते असं नाही. आमच्यातल्या एकीला कुत्र्याची जबर भीती. तिने मेल आल्या दिवशीच एचआरला कळवलं, आणि एचआरने तिला त्या तासापुरती क्वाएट रूम दिली. दार आतून बंद, फोन नाही, लॅपटॉप नाही, बाहेर आबा असल्यामुळे कुणी तिला बोलावू शकत नाही. चार वाजून पाच मिनिटांनी ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की दोघांनी विचारलं, विपश्यना केलीस का. पुढच्या वेळी कुत्र्याची भीती असलेल्यांची नोंदणी आधीच सुरू झाली आहे. माझंही नाव आहे.

माझे आजोबा परभणीकडचे. त्यांच्याकडे बैलजोडी होती, एकाचं नाव सोन्या, दुसऱ्याचं खासदार. दुसरा कामाच्या वेळी दिसायचा नाही आणि पोळ्याला सगळ्यात पुढे असायचा, म्हणून. आजोबा संध्याकाळी गोठ्यात बसून त्यांच्याशी बोलत. पावसाचं, सोसायटीच्या कर्जाचं, धाकट्या काकाच्या लग्नाचं. आजीला सगळं कळायचं. बैल सांगत नसत, आजोबा मोठ्याने बोलत. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्याने चोळायचे आणि कानात हळूच सांगायचं : आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आजोबांचा अंगठा सोन्याच्या खांद्यावरच्या त्या काळ्या, राठ कातड्यावर गोल गोल फिरत राहायचा आणि सोन्या डोळे अर्धे मिटून मान खाली सोडायचा. दुसऱ्या दिवशी अंघोळ, शिंगांना रंग, झूल, पुरणपोळी. आणि जू नाही. त्या दिवशी जू खांद्यावर ठेवलं तर गाव तोंडात शेण घालायचं. आमच्या वेलनेस वीकमध्ये खांदेमळणी झाली, आवतण झालं, मंडलाच्या रूपाने शिंगंही रंगवून झाली.

तीन बेचाळीसला पी-वन आला.

पी-वन म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची आग. क्लायंटचं पेमेंट अडकलं. मजल्यावरचे मोठे पडदे लाल झाले, पदस्पर्शाची रांग मोडली, सपोर्टच्या खोलीतून एक जण अनवाणी पळत आला. डिलिव्हरी हेड एका कानाला क्लायंट धरून फिरत होते. चारला पाच कमी असताना त्यांनी पाहिलं की काकू सतरंजीची घडी घालतायत. फोनवर हात ठेवून ते धावले.

‘काकू, आज थोडा रुक जाइए. आज टीम को सच में जरूरत है.’

‘त्यांनी जांभई दिली,’ काकू म्हणाल्या.

‘मॅम, प्लीज. बस आधा घंटा.’

आबा बसले.

मजल्यावर जल्लोष झाला. टाळ्या पडल्या. आबा तयार आहेत, आबा आपले आहेत, असं कुणीतरी ओरडलंही. काकूंनी नॅपकिन पिशवीत टाकला, शिट्टी नाही की दटावणी नाही, फक्त म्हणाल्या, ‘उठा, आबा. वेळ झाली.’ आबा उठले, अंग झटकलं आणि लिफ्टकडे चालू लागले.

आम्ही काचेपाशी जाऊन उभे राहिलो. पी-वन चालू असताना चाळीस-पन्नास माणसं काचेला नाक लावून खाली बघत होती आणि कुणी कुणाला जागेवर बसा म्हणत नव्हतं. खाली फाटकात गार्डने पास परत घेतला, सही काकूंनी केली. आत ३.०२, बाहेर ४.०१. त्या दिवशी आमच्या मजल्यावरून वेळेवर बाहेर पडल्याची सिस्टिममध्ये ती एकच नोंद आहे. गाडीच्या मागच्या खिडकीतून आबांनी तोंड बाहेर काढलं, कान वाऱ्यावर सोडले, आणि गाडी एकदाही ब्रेक न लावता वळणापलीकडे गेली. दुपारी चार वाजता हिंजवडीचा रस्ता मोकळा असतो, हे अकरा वर्षांच्या नोकरीत मला त्या दिवशी कळलं.

रात्री सव्वानऊला आम्ही अकरा जण त्याच कॉन्फरन्स रूममध्ये कॉलवर होतो. पेमेंट सुटलं होतं. आता ते का अडकलं होतं याची चर्चा सुरू झाली होती, आणि ती जास्त वेळ चालते. पलीकडून क्लायंट बोलत होता. मी स्क्रीनकडून मान फिरवली, ओठ चाटले, आणि मला जांभई आली. तोंड मिटलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. बेंचवरचा तो मुलगा, जो आता बेंचवर नव्हता, उठला. माइक बंद केला. टेबलाखाली वाकून त्याने स्टीलचा वाडगा काढला. काकू विसरून गेल्या होत्या. कूलरवरून भरून आणला आणि ठिपक्यांची अक्षरं माझ्याकडे येतील असा फिरवून माझ्यापुढे सरकवला.

‘घ्या,’ तो म्हणाला. ‘दहा मिनिटं कुणी हाक मारणार नाही.’